कॅन्सरची भीती दाखवून वहिनीच्या गोळ्या बंद करवणारे 'सर'

घरोघरी जाऊन, माणसाखाली माणसं जोडून अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल विकणाऱ्या एका कंपनीची ही गोष्ट. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. तसाही नावाने फार फरक पडत नाही. उद्या नाव बदलेल, डबीचा रंग बदलेल, पण घरात येऊन बोलायची पद्धत हीच राहील. म्हणून ती पद्धतच सविस्तर सांगते.

माझ्या वहिनीला स्किझोफ्रेनिया आहे. त्यावरच्या रिस्पेरिडोन नावाच्या गोळीवर ती बरीच वर्षं स्थिर होती. स्थिर म्हणजे सकाळचे डबे, मुलाचा अभ्यास, गल्लीतल्या भिशीचा हिशेब, सगळं तीच बघायची. पण गोळ्यांचे त्रास होतेच. वजन वाढलं. पाळी पुढेमागे होत होत थांबलीच. मध्येच छातीतून दुधासारखा स्राव यायचा, आणि हे तर तिने दादालाही कितीतरी दिवस सांगितलं नव्हतं. ओपीडीत डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळणार, शेजारी नवरा बसलेला, दाराशी पुढचा पेशंट उभा. तिथे हा विषय ती काढणार कशी?

तो विषय काढला सरांनी. या धंद्यात सगळेच एकमेकांना सर म्हणतात. हे सर दादाच्या ओळखीतले, निवृत्त, बोलायला अत्यंत गोड. आम्ही मिरजेचे. पावलोपावली दवाखाने असलेलं गाव, लांबलांबून लोक इथे उपचाराला येतात, आणि आमच्या घरात उपचार करायला हा गृहस्थ लॅपटॉप घेऊन आला.

लॅपटॉपला वायरने जोडलेली धातूची एक कांडी होती. ती मिनिटभर मुठीत धरली की म्हणे शरीरातला प्रत्येक अवयव मोजला जातो. याला क्वांटम अ‍ॅनालायझर म्हणतात. वहिनीचा रिपोर्ट पानंच्या पानं निघाला, लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचा. फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे रेणू, अँटिऑक्सिडंट त्यांनाच आवरतं म्हणून विकतात) लाल, विषारी द्रव्यं लाल, स्तन लाल. सरांनी आवाज खाली आणला. "ताई, मनाच्या गोळ्या इतकी वर्षं घेतल्या की हेच होतं. फॉरेनमध्ये सिद्ध झालंय, कॅन्सर होतो. छातीतून काही येतं का कधी?" वहिनी पांढरीफटक पडली. तिला वाटलं, जे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं ते मशीनने ओळखलं. मशीनने कसलं ओळखलंय! रिस्पेरिडोनच्या माहितीपत्रकात हा दुष्परिणाम छापलेला असतो, आणि गोळ्यांची पट्टी सरांनी आधीच मागून पाहिली होती.

कांडी हातात देण्याआधी वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष हे सगळं भरून घेतात, हे लक्षात ठेवा. वहिनीनंतर लगेच दादाला बसवलं होतं. त्याचा रिपोर्ट मी नंतर निवांत वाचला, तर त्यात दादाच्या अंडाशयाचं कार्य 'किंचित असंतुलित' निघालं होतं. सर मधला एक रकाना बदलायला विसरले होते.

मग पेल्याचा प्रयोग. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात बीटाडिनचे चार थेंब. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. "हे तुमचं रक्त, ताई. गोळ्यांनी असं झालंय." मग एक कॅप्सूल उघडून त्यातली चिमूटभर भुकटी टाकली, ढवळली, आणि पाणी डोळ्यांदेखत नितळ. घरातल्या सगळ्यांचे डोळे विस्फारले. माझ्या अकरावीतल्या भाच्याने हाच प्रयोग नंतर स्वयंपाकघरात लिंबू पिळून करून दाखवला, रंग तस्साच गेला. व्हिटॅमिन सी मिळालं की बीटाडिनमधल्या तपकिरी आयोडीनचं बिनरंगाचं आयोडाइड होतं, एवढंच त्यातलं रसायन. आयोडीन पेल्यातच राहतं, नुसतं दिसेनासं होतं. रक्ताचा, विषाचा, कॅन्सरचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

एक डबी २,४०० रुपयांना, महिन्याला दोन. दादालाही एक, कारण तो सिगारेट ओढतो आणि त्याच्या फुप्फुसांना 'कवच' हवं. शिवाय दादाच्या नावाने विक्रेत्याची आयडी टाकली की सवलत, आणि खाली दोन माणसं जोडली की डबी फुकटात पडते, हेही ओघाने आलंच. पैसा किती गेला याचं मला तितकं वाईट वाटत नाही.

गोळ्या बंद करा, असं सर एकदाही म्हणाले नाहीत, लिहून तर दिलंच नाही. "कॅप्सूल सुरू झाली की शरीरच सांगेल, गोळीची गरज कमी होतेय." एवढंच. वहिनीने आधी अर्धी केली, मग एक दिवसाआड, मग बंद. पहिले काही आठवडे खरंच छान गेले. अंगातली सुस्ती उतरली, चेहरा खुलला. आणि हाच खरा फास आहे. गोळी सोडल्यावर सुस्ती लगेच उतरते, आजार मात्र सावकाश परत येतो. मधल्या दिवसांत जो कोणी काही विकत असेल, त्याला श्रेय मिळतं.

मग झोप उडाली. दादाने फोन केला तर सर म्हणाले, "टॉक्सिन बाहेर पडतायत, घाबरू नका, कॅप्सूलचा डोस वाढवा." पुढे वहिनी रात्री उठून गॅसचा रेग्युलेटर काढून लपवायला लागली, शेजारचे पाइपमधून काही सोडतात म्हणून. भाच्याच्या डब्यातलं आधी स्वतः खाऊन बघायची. शेवटी ॲडमिट करावं लागलं. सरांचा फोन त्यानंतर लागलाच नाही. व्हॉट्सॲपवरचे त्यांचे मेसेज आपोआप पुसले जातील अशी सेटिंग त्यांनी सुरुवातीलाच करून ठेवली होती.

आता त्या 'फॉरेनमध्ये सिद्ध झालंय' विषयी. संतापाची गोष्ट ही की ते सगळंच खोटं नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी या वेळी शांतपणे बसून समजावलं. रिस्पेरिडोनसारखी औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतात. डोपामिन प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनला आवर घालत असतं. तो आवर सुटला की प्रोलॅक्टिन वाढतं, पाळी थांबते, स्राव येतो. फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्रियांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रोलॅक्टिन वाढवणारी औषधं ५ वर्षं किंवा जास्त घेतलेल्यांत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता तुलनेने ५६ टक्क्यांनी जास्त दिसली. याचा अर्थ शंभरातल्या छप्पन्न जणींना कॅन्सर होतो असा नाही. मूळची जी छोटी शक्यता, ती दीडपटीच्या थोडी वर जाते. आणि प्रोलॅक्टिन न वाढवणाऱ्या औषधांत ही वाढ दिसली नाही.

म्हणजे वहिनीच्या भीतीला उत्तर होतं आणि ते स्वस्त होतं. प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी, आणि गरज वाटली तर औषधात बदल. तिचं प्रोलॅक्टिन भरपूर वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी देखरेखीखाली हळूहळू ॲरिपिप्राझोल या प्रोलॅक्टिन न वाढवणाऱ्या औषधावर आणलं. पाळी परत सुरू झाली. प्रत्येकाला हाच बदल मानवेल असं नाही, ते डॉक्टरच ठरवणार. पण अँटिऑक्सिडंटची अख्खी बरणी खाल्ली तरी प्रोलॅक्टिन उतरत नाही.

आणि कॅन्सर टाळायला अँटिऑक्सिडंट? याचंही उत्तर त्याच फिनलंडमध्ये मिळालं होतं, १९९४ मध्ये. सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेत बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए एकत्र देऊन सिगारेट ओढणाऱ्यांवर आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांवर तशीच चाचणी चालू होती. कॅन्सर वाढतोय असं दिसल्यावर ती १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवली. पुढे ३५ हजारांहून जास्त पुरुषांच्या चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला, तो निष्कर्ष २०११ चा. हे सगळं जेवणातल्या गाजर-पालेभाजीबद्दल नाही, मोठ्या मात्रेच्या गोळ्यांबद्दल आहे. आमच्या डबीवर बारीक अक्षरांत काय होतं? बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन ई, सेलेनियम. पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्या दादाच्या फुप्फुसांना कवच म्हणून नेमकं बीटा कॅरोटीन विकलं होतं.

डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नंबर असतो, तो दाखवून सर "सरकारमान्य" म्हणायचे. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, औषधाचा नव्हे. त्याच लेबलवर औषधी वापरासाठी नाही, असंही लिहिलेलं असतं, तेवढं बोटाखाली झाकलं जातं. कॅन्सर बरा करण्याची किंवा टाळण्याची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ असल्याशिवाय विक्रेत्याने घरी येताच कामा नये.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अन्न व औषध प्रशासनाकडेही अर्ज दिला. हाताशी पुरावा होता तो रिपोर्टचे कागद, रिकाम्या डब्या आणि यूपीआयच्या पावत्या. मेसेज पुसलेले, त्यामुळे अशा माणसाशी बोलत असाल तर स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. सील न फोडलेल्या डब्यांचे पैसे परत आले. बाकीच्यांबद्दल कंपनीचं पत्र आलं की सर हे स्वतंत्र विक्रेते आहेत, ते काय बोलले त्याला आम्ही बांधील नाही. विक्रेत्याने केलेल्या विक्रीतून येणाऱ्या तक्रारीला कंपनीच जबाबदार, असं त्याच २०२१ च्या नियमांत आहे. ते कलम जोडून आम्ही उत्तर पाठवलंय. सर सध्या आमच्या मागच्या गल्लीत जातात, तिथल्या दोन घरांत मी स्वतः जाऊन दादाच्या अंडाशयाचा रिपोर्ट दाखवून आले.