खारी हवा आणि चार्जरचा पंखा : दाभोळच्या खाडीतील नऊ महिने

माझ्या २२ फुटी शिडाच्या होडीतील डिझेल इंजिन काढून ३ किलोवॉटची विजेची मोटर बसवली, त्याला आता नऊ महिने झाले. मोटरीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. बॅटरी निवडण्यासाठी मी दोन महिने खर्ची घातले आणि चार्जर मात्र दुकानात उभ्या उभ्या घेतला. त्याचे जे परिणाम भोगले, ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

बॅटरीचा निर्णय योग्य ठरला. लेड-अ‍ॅसिडच्या १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या जोडल्या असत्या, तर कागदावर ४.८ युनिट वीज मिळाली असती. परंतु त्या टिकवायच्या असतील तर साधारण निम्मीच वीज वापरावी लागते, आणि मोटर ४० अँपिअर ओढू लागली की तीही पूर्ण हाती लागत नाही. म्हणून १६ सेलची, ५१.२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. वाऱ्याशिवाय ३ नॉटने (म्हणजे ताशी ३ सागरी मैल वेगाने) जाताना माझी होडी सुमारे ६०० वॉट घेते, ४.५ नॉटला मात्र २,००० वॉट. उधाणाच्या ओहोटीत खाडीच्या मुखातून आत यायचे, तर हा दुसरा आकडाच खरा धरावा लागतो, आणि तसे दोन तास ही बॅटरी निभावते.

चार्जर मी ई-रिक्षाचे सामान विकणाऱ्या दुकानातून ६,५०० रुपयांना घेतला. तो १५ अँपिअरचा, लिथियमसाठी ५८.४ व्होल्टवर थांबणारा आणि मागे पंखा असलेला होता. धक्क्याजवळच्या वाडीतील पंपाच्या जोडणीवरून वायर ओढून मी होडीतच चार्जिंग करीत असे. पाचव्या महिन्यात पंख्याचा आवाज बदलला, आठवड्याभरात पंखा थांबला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी चार्जर बंद पडला. झाकण उघडले तेव्हा आतील तांब्यावर हिरवा थर चढलेला होता आणि पंख्यासमोरची बाजू सर्वांत जास्त खराब झाली होती. कारण स्पष्ट होते. पंखा थंड हवा म्हणून जे आत ओढतो, ते समुद्राकाठी मिठाचे सूक्ष्म तुषार असतात. एक वर्षाची हमी असूनही, पाण्यावरील वापर हमीत येत नाही, असे दुकानदाराने सांगितले. पावतीवर तशी अट कोठेही छापलेली नव्हती. तीन खेपा घालूनही पैसे परत मिळाले नाहीत, याचा मला आजही राग आहे.

त्यानंतर १८,००० रुपयांचा, पंखा नसलेला, पूर्ण बंद अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीतील १० अँपिअरचा चार्जर घेतला. एवढे पैसे देऊन कमी अँपिअर मिळतात, हे सुरुवातीला मला मान्य होत नव्हते, आणि पहिल्या महिन्यात मी मित्रांना तसे सांगितलेही. ते मत आता मी मागे घेतो. रिकामी बॅटरी भरायला त्याला नऊ तास लागतात, पण होडी संध्याकाळी धक्क्याला लागली की सकाळपर्यंत तिथेच असते, त्यामुळे घाईचे काही कारणच उरत नाही. शिवाय गावात संध्याकाळी विजेचा दाब १७० व्होल्टपर्यंत उतरतो; जुना चार्जर तेव्हा अडखळत असे, तर हा ९० ते २६४ व्होल्टपर्यंत चालतो. त्याची पेटी हात ठेववत नाही इतकी तापते, म्हणून मी तो लाकडापासून दूर, धातूच्या पट्टीवर बसवला आहे. जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा चार्जर घरात पडून असेल, तर तो लिथियमला लावू नये. त्यातील बॅटरी सुधारण्यासाठीचा जादा व्होल्टेजचा टप्पा लिथियमच्या सेलना घातक असतो.

आणखी एक खर्च मी सुरुवातीला वाचवला होता, तो शंट मीटरचा, म्हणजे बॅटरीत गेलेली आणि बाहेर पडलेली वीज मोजून शिल्लक सांगणाऱ्या मीटरचा. या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास स्थिर राहते, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून शिल्लक समजत नाही. खाडीपलीकडील धोपाव्याच्या बाजूने परतताना, व्होल्टमीटर निर्धास्त आकडा दाखवत असतानाच काही मिनिटांत तो झपाट्याने खाली आला आणि बॅटरीच्या संरक्षक सर्किटने मोटर बंद केली. सुदैवाने वारा होता आणि शीड उभे होते. दुसऱ्याच आठवड्यात मीटर बसवला.

मे महिन्याच्या अखेरीस होडी वर काढली आहे. बॅटरी निम्मी भरून, सर्व जोडण्या सोडवून घरातील कोरड्या खोलीत ठेवली आहे, आणि नवा चार्जर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, कोरडा करून तिच्याच शेजारी ठेवला आहे. नारळी पौर्णिमेनंतर दोन्ही पुन्हा होडीत बसवीन.