हंटरच्या पंखांवर वॉश कोणता मारायचा, पाण्याचा की ऑइलचा?

प्लॅस्टिकच्या मॉडेल विमानाचा रंग झाला, डिकल्स (चिकटवायची चिन्हं) बसल्या, ग्लॉस कोट (चकचकीत थर) मारून नीट वाळवला, आणि आता विमान खोक्यातून काढल्यासारखं न दिसता उडून आल्यासारखं दिसायला हवं, तर इथे येऊन बरेच जण थांबतात. वॉश (खाचांत बसणारा पातळ गडद रंग) आणि पुढचं सगळं वेदरिंग, म्हणजे विमान वापरलेलं-मळलेलं दाखवायचं काम, पाण्याच्या ॲक्रिलिकने करायचं की ऑइलने? मी पहिली सहा विमानं पाण्याच्या वॉशने केली, मग ऑइलवर आलो, त्यामुळे जे सांगतोय ते माझ्या टेबलावरचं आहे. आणि माझं टेबल नागपुरात आहे हेही लक्षात असू द्या, कारण पुढे हवेचा विषय बराच येणार आहे.

उदाहरणाला माझं शेवटचं मॉडेल घेतो. अकॅडमी कंपनीचं, १/४८ मापाचं हॉकर हंटर हे लढाऊ जेट, आपल्या हवाई दलाचं, १९७१ च्या युद्धातलं. डोक्यात राजस्थानातली लोंगेवालाची लढाई होती. हंटरमध्ये रात्री लढायची सोय नव्हती, म्हणून ५ डिसेंबरला उजाडेपर्यंत थांबावं लागलं, आणि मग जैसलमेरहून उडून त्यांनी रॉकेट आणि ३० मिमीच्या तोफांनी पाकिस्तानी रणगाडे टिपले. म्हणजे मॉडेलवर काय यायला हवं, तर नाकाखालच्या चार तोफांपासून मागे ओढली गेलेली काजळी, पंखांच्या मुळाशी माणसं चढून-उतरून लागलेली माती, आणि ऊन-रेतीने मवाळ झालेला वरचा हिरवा-करडा रंग. पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या खाचा) काळ्या केल्या की झालं, असं हे काम नाही. त्या दिवसाबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यामुळे विमान नुसतं घाण दिसून चालणार नव्हतं, त्या घाणीला कारण हवं होतं.

आधी पाण्याच्या वॉशची बाजू. त्याला वास नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. टू बीएचकेमध्ये काम करत असाल, घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर बाकी काही न वाचता हेच घ्या. ब्रश नळाखाली धुतला की झालं. संध्याकाळी वॉश, रात्री मॅट कोट, सकाळी विमान शेल्फवर. लँडिंग गिअरच्या आत, कॉकपिटमध्ये, चाकांवर, म्हणजे जिथे रंगाने खोलगट जागेत नुसतं साचून बसायचं असतं तिथे मी अजूनही पाण्याचाच वापरतो आणि पुढेही वापरेन.

माझं बिनसलं ते पंखावर. हंटरचा पंख मोठा आणि मागे झुकलेला, मधे अडवायला फारसं काही नाही. तुम्ही मुळापासून वॉश लावत टोकाकडे जाता, आणि टोकाला पोचेपर्यंत मुळाशी लावलेला वाळलेला असतो. एप्रिलमध्ये माझ्याकडे जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात (घड्याळ लावून बघितलेलं नाही, पण एक इयरबड भिजवून पुसायला घ्यावा एवढाच वेळ). वाळताना तो सारखा वाळत नाही. थेंबाच्या कडेचं पाणी आधी उडतं, मधलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना रंगाचे कण घेऊन जातं, म्हणून मधे फिकट आणि कडेला गडद अशी गोल रेघ उरते, चहाचा कप ठेवल्यावर टेबलावर उठते ना तशीच. ॲक्रिलिक एकदा धरलं की पाण्याने परत सुटतही नाही. अल्कोहोलने सुटतं, पण त्याने वॉशबरोबर खालचा ॲक्रिलिक रंगही सुटतो.

त्यात आमच्याकडचा उन्हाळा. कूलर लावला तर त्याच्या झोतात वॉश अजून लवकर वाळतो, बंद केला तर कपाळावरचा घाम पंखावर पडतो आणि तिथे नवा डाग. मी सगळं करून पाहिलं. वॉशमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला, त्याने वॉश ग्लॉसवर गोळा न होता खाचेत नीट पळायला लागला, हा उपयोग खरा आहे. रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव) घातला, त्याने दोन-चार मिनिटं वाढली. एका वेळी एकच पॅनल करायला लागलो, मग शेजारच्या दोन पॅनलची छटा वेगळी यायला लागली. एका विमानाच्या डाव्या पंखावर तीन गोल रेघा राहिल्यात, मॅट कोटखाली त्या अजून दिसतात, म्हणून ते विमान शेल्फवर उजवी बाजू पुढे करून ठेवलंय. तेवढ्यावरून मी बदललो. रंगाच्या क्वालिटीचं वगैरे काही कारण नव्हतं, पुसायला वेळ मिळत नव्हता एवढंच.

ऑइलमध्ये तो वेळ मिळतो. कॅम्लिनची आर्टिस्ट ऑइलची ट्यूब कुठल्याही बऱ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते, बाहेरून येणाऱ्या छोट्या वॉशच्या बाटलीच्या पैशात तीन-चार ट्यूबा येतात आणि एक ट्यूब वर्षानुवर्षं पुरते. मी बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा मिसळतो, नुसता काळा १/४८ ला फार टोचतो. वापरायच्या आधी रंग पुठ्ठ्यावर दोन-तीन तास काढून ठेवायचा, त्यातलं जवसाचं तेल पुठ्ठा पिऊन घेतो, मग तो लवकर वाळतो आणि चकाकत नाही. थिनरमध्ये पातळ करून ब्रशचं टोक खाचेला नुसतं टेकवलं की रंग आपोआप धावत जातो, आणि मग शांतपणे जेवून या, अर्ध्या तासाने पुसा, नाही आवडलं तर दुसऱ्या दिवशी ब्रश थिनरमध्ये बुडवून परत पुसा, खालचा ॲक्रिलिक रंग जागचा हलत नाही.

रंग विटवायचं काम तर पाण्याने मला कधी जमलंच नाही. ऑइलमध्ये ते असं होतं: पंखाच्या वरच्या बाजूला पांढऱ्याचे, येलो ऑकरचे आणि थोड्या निळ्याचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके द्यायचे, पॅनलगणिक कमीजास्त, आणि थिनरमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश पुढून मागे, वारा जातो त्या दिशेने ओढत राहायचं. ठिपके नाहीसे होतात आणि खाली हिरव्या रंगात एक पॅनल किंचित पिवळट, दुसरं किंचित फिकं असं उरतं. तोफांच्या मागची काजळीही अशीच ओढली, काळ्या-अंबरचा एक थेंब प्रत्येक तोंडाशी आणि तिथून मागे, गोळ्यांच्या कड्या साठवणारे ते दोन फुगवटे आहेत तिथपर्यंत, वर कोरड्या पिगमेंटची भुकटी. पहिल्यांदा ती फार लांब गेली होती, पुसली, परत केली, मग बरोबर बसली.

आता ऑइलचा त्रास पण सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. वाळायला दोन-तीन दिवस जातात, पावसाळ्यात माझ्याकडे आठवडाही गेलाय. तोवर कूलरच्या ताटीचे धागे आणि धूळ बसायची, आता मी विमानावर मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा उपडा घालून ठेवतो. वास आहेच, हार्डवेअरच्या दुकानातल्या टर्पेंटाइनचा तर सहन होत नाही, चित्रकलेच्या सामानात कमी वासाचं थिनर मिळतं ते घ्या, आणि खिडकी उघडी पाहिजे. एक गोष्ट फार सांभाळा, थिनर खाचांतून सांध्यांत शिरतं आणि जिथे प्लॅस्टिक ताणलेलं असतं तिथे चीर पाडतं. माझ्या एका विमानाचा लँडिंग गिअरचा पाय असाच दुसऱ्या दिवशी मुळातून तुटला. तेव्हापासून पाय आणि चाकं शेवटी लावतो, आणि ब्रशवर थिनर अगदी थोडं घेतो. खालचा मूळ रंग (बेस) एनॅमलचा असेल तर मधे ॲक्रिलिक ग्लॉस कोट हवाच, नाहीतर वॉशचं थिनर बेसलाच उचलेल.

तिसरा पर्याय मातीचा वॉश, म्हणजे पाण्यात अगदी बारीक माती आणि साबण. सगळ्या विमानाला फासायचा, वाळू द्यायचा, ओल्या टिश्यूने पुसायचा, आणि कितीही वेळाने परत पाण्याने निघतो. पॅनल लाइनपुरता उत्तम आहे, वासही नाही. ज्यांच्या घरी ऑइल शक्यच नाही त्यांनी हाच घ्यावा असं मला वाटतं. रंग विटवायचं काम मात्र त्याने होत नाही, तो खाचेत बसण्यापुरताच आहे.

तर तुम्ही मुंबई-कोकणात असाल, खोली बंद असेल, नवं जेट थोडंसंच मळवायचं असेल तर पाण्याचा वॉश तुम्हाला छान जमू शकेल, तिकडच्या दमट हवेत पुसायला बराच जास्त वेळ मिळत असावा. पण विमान जुनं, उन्हातलं, लढलेलं असेल आणि पंख मोठा असेल तर मी तरी ऑइलच म्हणेन. लगेच चांगल्या किटवर नका करू, वाया गेलेला एखादा पंख घ्या, तसाच रंग आणि ग्लॉस मारा, अर्ध्यावर पाण्याचा आणि अर्ध्यावर ऑइलचा वॉश लावा, तुमच्या नेहमीच्या वेळेला, तुमचा पंखा किंवा कूलर चालू ठेवून. ट्यूब आधी बर्न्ट अंबरची एकच आणा, बाकीच्या नंतर.