बोटीवरची प्रयोगशाळा की समुद्रात सोडलेला फ्लोट?
व्हेंडे ग्लोब या एकट्याने, कुठेही न थांबता जगाला वळसा घालण्याच्या शर्यतीतले काही खलाशी समुद्रविज्ञानालाही हातभार लावतात. बोरिस हेरमान यांनी बोटीवर स्वयंचलित प्रयोगशाळाच बसवली: पंपाने सतत पाणी आत येतं आणि कार्बन डायऑक्साइड, तापमान, क्षारता नोंदली जाते. मात्र बोट फॉइलवर, म्हणजे तिला पाण्याबाहेर उचलणाऱ्या पंखासारख्या पात्यांवर, उचलली गेली की पाण्यासोबत हवा शिरून नोंद बिघडू शकते. वजन वाढतं, वीजही लागते.

दुसरा मार्ग म्हणजे आर्गो फ्लोट, खलाशी वाटेत समुद्रात सोडतात ते स्वयंचलित मोजमाप यंत्र. तो एकदा सोडला की काम झालं. तो १००० मीटर खोलीवर वाहत राहतो, साधारण १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडून वर येतो आणि उपग्रहामार्फत आकडे पाठवतो. पण साधा फ्लोट कार्बन मोजत नाही. संशोधन जहाजं क्वचितच फिरकतात त्या दक्षिण महासागरात कार्बनचा हिशेब हवा असेल, तर प्रयोगशाळेचं वजन सोसावंच.