प्लेस्टेशन ५, आठ महिन्यांनंतर: डिस्क हातोहात फिरते तोवर

गेल्या दिवाळीत आमच्याकडे प्लेस्टेशन ५ आला, म्हणजे सोनीचा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल. स्लिम म्हणजे सडपातळ मॉडेल, गेमची डिस्क घालायची खाच असलेला, डिस्कवाला. छापील किंमत ५४,९९०, सणाच्या सवलतीत थोडा कमी पडला. माझा अकरा वर्षांचा मुलगा खेळतो, मी खेळते आणि रविवारी दादा येऊन खेळतो. आता बरेच जण विचारतात, घेऊ का? सोनी अजून किती वर्षं पुढे राहणार, एवढे पैसे वाया तर जाणार नाहीत ना, ही त्यामागची खरी धाकधूक. म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

आधी कंट्रोलर, कारण माझा जीव जडलाय तो त्याच्यावर. ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ हा गेम कन्सोलसोबत फुकट मिळतो. त्यातला चिमुकला रोबो पावसात उभा राहिला की थेंब आपल्या तळहातावर टपटपतात. बर्फावरून घसरताना हाताला वेगळं लागतं, वाळूत वेगळं. मुलाने पहिल्या दिवशी कंट्रोलर कानाला लावून पाहिला होता. या गेममध्ये सोनीची जुनी यंत्रं शोधून गोळा करायची असतात. काळा पीएस २, म्हणजे जुना प्लेस्टेशन २, सापडला तेव्हा दादा उठून टीव्हीजवळच गेला. शाळेत असताना तासाला वीस रुपये देऊन आम्ही गेम पार्लरमध्ये त्याच्यावर खेळायचो.

त्या पीएस २चे १६ कोटी नग खपले. एवढं यश मिळालं की डोक्यात हवा जातेच. २००६ साली पीएस ३ आला, तेव्हा अमेरिकेत मोठ्या मॉडेलची किंमत होती ५९९ डॉलर. आतली ‘सेल’ चिप अशी किचकट की गेम बनवणारे जेरीस आले. मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधीच दुकानात पोचला होता, आणि निन्टेन्डो या दुसऱ्या जपानी कंपनीच्या ‘वी’ कन्सोलने १० कोटींचा टप्पा ओलांडला. सोनीची गाडी रुळावर आली ती २०१३ मध्ये. नव्या एक्सबॉक्सवर वापरलेल्या डिस्कना बंधनं घालणार, असं मायक्रोसॉफ्टने तेव्हा सांगून टाकलं होतं. सोनीने मंचावरून उलट जाहीर केलं: डिस्क तुमची आहे, विका, मित्राला द्या, नाहीतर जन्मभर ठेवा. वर पीएस ४ त्या एक्सबॉक्सपेक्षा शंभर डॉलरनी स्वस्त. मायक्रोसॉफ्टने दहा दिवसांच्या आत माघार घेतली, पण लोकांचं मन तोवर ठरलं होतं.

हे मला आमच्या घरात रोज पटतं. सोनीचा मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांना. आठ महिन्यांत आम्ही नवाकोरा घेतला फक्त एक. मामेभावाने पीएस ४च्या नऊ डिस्क दिल्या, त्या सगळ्या यावर चालतात. बाकी जुन्या घेतल्या, खेळून झाल्यावर बदलल्या. एका दुकानातून आणलेली डिस्क ओरखड्यांची निघाली आणि दुकानदाराने हात वर केले. तेव्हापासून ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही.

म्हणूनच २०२४ साली पीएस ५ प्रो हे वरचं मॉडेल पाहून पोटात गोळा आला. तेव्हा ७०० डॉलर किंमत आणि डिस्कची खाचच नाही, ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायचा! ज्या गोष्टीने ही कंपनी पुन्हा वर आली, तीच ती हळूहळू बाजूला सारतेय असं मला वाटतं.

दुसरी काळजी गेमची. कायम ऑनलाइन चालणाऱ्या, कंपनीला वर्षानुवर्षं पैसे मिळवून देत राहणाऱ्या गेमच्या मागे सोनी लागली आणि ‘कॉन्कॉर्ड’ हा असाच गेम २३ ऑगस्ट २०२४ला आणला. दोन आठवड्यांत तो बंद करून लोकांचे पैसे परत करावे लागले. बंद झाला ६ सप्टेंबरला, आणि नेमका त्याच दिवशी ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ हा त्याच चिमुकल्या रोबोचा नवा गेम बाजारात आला. टोकियोतल्या साठेक माणसांनी केलेला, एकट्याने बसून खेळायचा गेम. त्या वर्षीचा ‘गेम ऑफ द इयर’ पुरस्कार त्यालाच मिळाला. सोनीचं बळ कुठे आहे, हे याहून स्पष्ट कसं दिसावं?

स्पर्धेचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टचा ‘फोर्झा होरायझन ५’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेमसुद्धा एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर आला. प्रतिस्पर्धी आपला माल तुमच्या दुकानात ठेवतोय म्हटल्यावर या पिढीत सोनीला धक्का नाही. ८ कोटींहून जास्त पीएस ५ घरोघरी पोचलेत. पण निन्टेन्डोचा नवा कन्सोल स्विच २ जोरात विकला गेलाय, पीसीवर सोनीचेच बरेच गेम मिळतात, आणि आपल्याकडे मुलांच्या हातात आधी फोन येतो. पुढच्या कन्सोलला डिस्कची खाच नसेल, तर आमच्यासारखी घरं ५० हजार घालताना शंभरदा विचार करतील.

आज घ्यायचाच असेल तर डिस्कवालाच घ्या, डिजिटल, म्हणजे डिस्कची खाच नसलेला, घेऊन वाचणारे पैसे दोन-तीन गेममध्येच निघून जातात. आमचा ‘स्पायडर-मॅन’ सध्या समोरच्या बिल्डिंगमध्ये आहे. शनिवारी परत आला की दादाचा नंबर.