ईमेल बदलताय? अकाउंट तुमचंच आहे हे दाखवायला नंबर, दुसरा मेल की बॅकअप कोड

कॉलेज संपलं किंवा नोकरी सोडली की शेवटच्या आठवड्यात लक्षात येतं, अरे, निम्मी अकाउंटं तर ह्याच मेलवर उघडलीयत. माझं एक अकाउंट असंच गेलं, पासवर्ड नीट आठवत होता पण साइटने कोड पाठवला कॉलेजच्या मेलवर आणि तो मेल कधीच बंद झालेला, त्यात चार वर्षांचे फोटो होते, अजून वाईट वाटतं. म्हणून आत्ता जे बदलणार आहेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

मोबाइल नंबर सगळ्यात सोपा, आणि सिम हरवलं तरी ओळखपत्र दाखवून तोच नंबर परत मिळतो, हा त्याचा खरा फायदा. पण रिचार्ज चालू आहे तोवरच नंबर तुमचा. आपल्याकडे बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही देता येतो, म्हणजे मग तुमचा ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जाणार. परदेशात गेलेल्यांचं हेच होतं, पहिले सहा महिने इथलं सिम आठवणीने जिवंत ठेवतात आणि मग रिचार्ज राहून जातो.

दुसरा मेल मला नंबरपेक्षा भरवशाचा वाटतो, फक्त तो कंपनीचा-कॉलेजचा नको, स्वतःचाच हवा, आणि अधूनमधून उघडायला हवा कारण गूगल दोन वर्षं न वापरलेली अकाउंटं काढून टाकू शकतं. एक चूक खूप जण करतात, दोन्ही मेल एकमेकांचे रिकव्हरी मेल (म्हणजे अकाउंट परत मिळवायला दिलेला मेल) आणि दोन्हींचा पासवर्ड एकच, मग एक गेला की दुसरा पण गेलाच.

बॅकअप कोडकडे फारसं कुणी बघत नाही पण माझं मत ह्यांनाच. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी पायरी, चालू केलं की गूगल आठ आकडी 10 कोड देतं, एक कोड एकदाच चालतो, नवीन संच काढला की जुना बाद. ना सिम लागतं ना रेंज. मात्र हे पासवर्डच्या जागी चालत नाहीत, पासवर्डनंतरच्या पायरीला लागतात, त्यामुळे पासवर्डच विसरलात तर नुसते कोड असून भागत नाही. प्रिंट काढून पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा, स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवलात तर फोनबरोबर तोही जाईल. ऑथेंटिकेटर अ‍ॅप रोजच्या लॉगिनला छान, दर 30 सेकंदांनी नवा कोड देतं, पण फोनच चोरीला गेला तर त्याच्या भरवशावर राहू नका.

आईबाबांच्या अकाउंटला नंबरच ठेवा, त्यांना तेच जमतं, फक्त रिचार्जची तारीख तुम्ही सांभाळा. बाहेरगावी किंवा परदेशी जाणाऱ्यांनी दुसरा मेल आणि कागदावरचे कोड, दोन्ही.

आणि बदलताना घाई नको, आधी नवा मेल घाला, त्यावर आलेली लिंक उघडून पक्का करा, दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवरून लॉगिन होतंय का बघा, मगच जुना काढा. रिकव्हरी नंबर बदलल्यावरही गूगल पुढचे 7 दिवस जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं, तेव्हा जुनं सिम निदान तेवढे दिवस तरी हातातलं जाऊ देऊ नका.