शिसो: आठ महिने रोज हाताशी असलेलं पान

मार्चमध्ये जपानमधल्या नागोयाला आल्यावर शिसो या इथल्या सुवासिक पानांची पहिली जुडी मी कोथिंबिरीसारखीच वापरली: चिरून उकळत्या आमटीत. दोन मिनिटांत वास गेला, पानं काळवंडली. आता आठवड्याला दोन जुड्या लागतात, म्हणून हे लिहिते.

दुकानात हिरवा शिसो 'ओबा' नावाने मिळतो, साधारण दहा पानांची जुडी. जवळच्या तोयोहाशीत त्याची मोठी लागवड आहे, त्यामुळे माल ताजा असतो. कूळ तुळस-पुदिन्याचं, पण मला त्यात जिरं आणि ओव्याचं पान आठवतं. उत्तराखंडात चटणीला बी वापरतात ती भंगजीर याच जातीतली. शिसोचा वास पेरिलाल्डिहाइड या सुगंधी द्रव्याचा, आणि तो उडून जातो. म्हणून पान कच्चंच, तेही ऐनवेळी चिरलेलं. चार पानांची घट्ट गुंडाळी, धारदार सुरी, की थेट गार तोफूवर किंवा सोमेनवर, म्हणजे गव्हाच्या बारीक शेवयांवर.

तळायचं तर तेम्पुरा, म्हणजे जपानी भजी. बर्फगार पाण्यातलं पातळ पीठ पानाच्या फक्त मागच्या बाजूला लावायचं आणि काही सेकंदांत बाहेर काढायचं. वरची बाजू हिरवीगार राहते. ओव्याच्या पानांची भजी आवडणाऱ्यांनी हे करायलाच हवं.

माझा जीव मात्र लाल शिसोत अडकलाय. तो जून-जुलैत थोडे दिवसच येतो. उमेबोशीला, म्हणजे खारवलेल्या आंबट जपानी फळाला, लाल रंग त्याचाच. मी ३०० ग्रॅम पानं लिटरभर पाण्यात उकळली. पानं हिरवट झाली, पाणी गडद जांभळं. गाळून साखर विरघळवली आणि लिंबूसत्व घातलं, तर क्षणात लालभडक! आगळात पाणी ओतताना आमच्या घरी सगळे जसे थांबून बघायचे, तशीच मी बघत राहिले. वाळवलेल्या लाल शिसोची 'युकारी' दहीभातावर घालते. ती खारट असते, भातात वेगळं मीठ नको.

तक्रार टिकण्याबद्दल. जुडी नुसत्या पिशवीत ठेवली तर तिसऱ्या दिवशी काळे डाग. बरणीत बोटभर पाणी, देठं बुडालेली, पानं कोरडी, वर झाकण आणि फ्रिज: आठवडा आरामात निघतो.

बाल्कनीत लावणार असाल तर बियांवर जाड माती टाकू नका, रुजायला उजेड लागतो. शेंडे खुडत राहा. सप्टेंबरात दिवस लहान झाले की तुरे येतात आणि पानं राठ होतात. ते कोवळे तुरे मी सोयासॉसमध्ये चुरडले. पानांइतकेच वासाचे निघाले.