शिडांची उभी पवनचक्की : येळ्ळूरच्या वाऱ्यात एक पावसाळा

आडव्या आसाची तीन पात्यांची चक्की सगळ्यांना ठाऊक आहे. ही उभ्या आसाची : मधे खांब, चार हात, प्रत्येक हाताला कापडी शीड. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या पायथ्याशी वारा गडाला वळसा घालून येतो, घडीघडीला दिशा बदलतो. हिला वाऱ्याकडे तोंड फिरवावं लागत नाही, म्हणून घेतली. ते काम ती चोख करते.

माझं भांडण एका कडीशी आहे. शिडाच्या मोकळ्या कोपऱ्यातली पितळी कडी, जिला दोरी बांधतात. वाऱ्याकडे जाताना शीड त्या दोरीवर मोकळं फडफडतं, वाऱ्याला आडवं जाताना फुगून ओढ देतं, होडीला देतं तशीच. पण वारा मागून येतो त्या टप्प्यावर शीड सटकन दुसऱ्या बाजूला पडतं. होडीवर माणूस आधी दोरी खेचून घेतो, मग हळूहळू सोडतो. इथे माणूस नाही. साध्या वाऱ्यात चक्की मिनिटाला तीसेक फेरे घेते, म्हणजे तासाला अठराशे हिसके, सगळे त्याच कडीवर. कापड शाबूत राहतं, कडी उपटून येते.

बनवून देणारे म्हणाले, वॉरंटी लोखंडाला आहे, कापडाला नाही. अख्खं शीड नवीन घ्या. चार पैशांच्या कडीसाठी अख्खं शीड! फोनवर फोन केले, उत्तर तेच.

इथपर्यंत रागात लिहून ठेवलं होतं. पुढचं आता जोडतोय.

हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणली आणि दोरी व हात यांच्यामधे बांधली. हिसका रबर खातं. त्यानंतर एकही कडी सुटलेली नाही. दुसरा फायदा आषाढात कळला : जोराचा झोत आला की रबर ताणतं, शीड जास्त उघडतं, वारा सांडून जातो आणि चक्की बेफाम होत नाही. उन्हाळ्यात मी भेटेल त्याला सांगत होतो, कापड काढा, पत्रा ठोका. आता म्हणतो, कापडच हवं. पत्र्याला असं सैल पडता येत नाही.

विजेचं स्पष्ट सांगतो. दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच चक्कीवर सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा आला, तर त्या वाऱ्यातच जेमतेम २७० वॅट असतात. बेट्झच्या नियमाने कुठलीच चक्की त्यातले ५९.३ टक्क्यांहून जास्त काढू शकत नाही, आणि शिडांची तर दहावा हिस्सा दिला तरी पुष्कळ. शेतघरातले दोन एलईडी दिवे आणि मोबाईल होतात. पंपाचं नावही काढू नका. वारा दुप्पट झाला की ताकद आठपट होते, म्हणून जाहिरातीतले वॅट वादळी वाऱ्यातले असतात. कुठल्या वेगाला एवढे, ते लिहून मागा.

घेणार असाल तर ताडपत्रीचं शीड नको, ती ताणून पोट सुटतं. आणि कोपऱ्याला कापडाचे तीन-चार थर शिवून त्यातच कडी ठोकलेली आहे का, ते पैसे देण्याआधी बोट फिरवून बघा.